नाताळात मुंबईला उतरायचं कुठं

माझं लग्न होऊन दोन पावसाळे सरले होते. माझे यजमान भोरच्या शाळेत मास्तर होते आणि नीरेच्या काठापासून हाकेच्या अंतरावर दोन खोल्या घेऊन आम्ही राहत होतो. मार्गशीर्षातली थंडी होती. सकाळी नदीवर इतकं धुकं उतरायचं की पलीकडं धुणं आपटणाऱ्या बायका दिसायच्याच नाहीत, नुसते आवाज यायचे. अशाच एका संध्याकाळी हे शाळेतून आले, पायांवर पाणी घेतलं आणि पंचा शोधता शोधता म्हणाले, "यंदा नाताळ शनिवारी येतोय. सुट्टी लागली की मुंबई बघून येऊ या का?"

मी कंदिलाची काच राखेनं पुसत होते. ती तशीच हातात धरून मी विचारलं, "मुंबई? म्हणजे समुद्र?"

"समुद्र आहेच की. तो कुठं जातोय!" हे हसले.

मी नसरापूरची. माहेराजवळच्या सडकेवरून पुणे-साताऱ्याच्या मोटारी जायच्या, म्हणून दूरच्या गावांची नावं मला लहानपणापासून ठाऊक होती, पण पुण्यापलीकडं मी पाऊल टाकलं नव्हतं. सगळ्यात मोठं पाणी मी पाहिलं होतं ते भाटघरच्या धरणाचं. लग्नानंतर ह्यांनी एकदा मला तिथं नेलं होतं. डोंगरांच्या मधे पसरलेलं ते पाणी मी बघत होते, तेव्हा हे म्हणाले होते, "समुद्राला पलीकडचा काठच नसतो." काठ नसलेलं पाणी कसं दिसत असेल, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात होतं. डोळे मिटून मी धरणाचं पाणी समोर आणायचे आणि पलीकडचे डोंगर एकेक करून पुसत जायचे. पण शेवटचा डोंगर पुसला की सगळं पाणीच वाहून जायचं.

जायचं ठरलं आणि लगेच प्रश्न आला, उतरायचं कुठं?

ह्यांच्या बरोबरच्या एका मास्तरांची सासुरवाड गिरगावात होती. त्यांनी फार आग्रह केला. "परक्यासारखे कुठं जाता? आमच्या सासूबाई तुम्हाला पोटभर जेवू घालतील." चाळीतली खोली, दारापुढं लांबलचक सज्जा, खाली नळावर बायकांची गर्दी, असं त्यांनी वर्णन केलं. बाजारपेठेतल्या एका व्यापाऱ्यानं धर्मशाळा सुचवली. तिथं म्हणे फरसबंद चौक होता, मधे तुळशीवृंदावन होतं आणि स्वयंपाकाला चूल मिळायची. आणि तिसरं ठिकाण आमच्या घरी गुळाबरोबर आलं. गुळाच्या ढेपेला गुंडाळलेला वर्तमानपत्राचा कागद हे नेहमीच्या सवयीनं सरळ करून वाचत बसले होते. त्यात चौपाटीजवळच्या एका लॉजची जाहिरात होती. ह्यांनी ती मोठ्यानं वाचली. स्वच्छ खोल्या, विजेचे दिवे, आणि खिडकीतून समुद्राचं दर्शन.

"खिडकीतून?" मी विचारलं.

"असं लिहिलंय खरं."

"म्हणजे उठल्याबरोबर? अंथरुणातूनच?"

"अंथरुणातूनच," हे म्हणाले आणि चिकट कागद नीट घडी घालून त्यांनी फडताळात ठेवला.

त्यानंतरचे कितीतरी दिवस आम्ही भोरात राहतच नव्हतो. जेवणं झाली, झाकपाक झाली की आम्ही दोघं चुलीपुढं बसायचो आणि मुंबईत राहायला जायचो. एखाद्या संध्याकाळी गिरगावात. मी सज्जात उभी राहून शेजारणीशी बोलायचे, हे खालून हाक मारायचे, आणि खोलीत आम्हा दोघांना मिळून बोलायला कोपरा कुठला, असा प्रश्न पडून आम्ही तिथून निघायचो. दुसऱ्या दिवशी धर्मशाळेत. तिथल्या फरशीची थंडी मला खरोखर पायांना लागायची. "पण तिथं बायका एकीकडं आणि पुरुष एकीकडं असतील तर?" असं मी म्हणाले, की धर्मशाळाही रद्द. शेवटी आम्ही लॉजवर यायचो. तिथं आल्यावर बोलणं कमी व्हायचं. मी मनातल्या मनात खिडकी उघडायचे. तिला लाकडी झडपा असतील की काचा, तेवढं एकदा ह्यांना विचारलं. "काचा," हे म्हणाले, "झडपा असत्या तर दर्शन कसं झालं असतं?" इतकं विचारपूर्वक उत्तर दिलं की जणू तेही तिथंच उभे होते.

त्याच दिवसांत आत्याबाई आल्या. सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणतात. त्यांचं गाव तोरण्याच्या पायथ्याला, वेल्ह्यापासून आणखी आत. भाताची झोडणी उरकली की नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन त्या दरवर्षी लेकाकडं यायच्या. वेल्ह्याहून नसरापूरपर्यंत बैलगाडी आणि तिथून मोटार. आल्या की दोन दिवस राहायच्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा जीव म्हशींकडं ओढ घ्यायचा.

आमचा मुंबईचा बेत ऐकताना त्या तांदूळ पाखडत होत्या. सूप थांबलं नाही. ह्यांनी गिरगाव सांगितलं, धर्मशाळा सांगितली, खिडकी सांगितली. सगळं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "म्या बी येते."

हे चकित झाले. आत्याबाई कधी पुण्यालासुद्धा गेल्या नव्हत्या. "खरंच येतीस, आये? मग तर बरंच झालं. तुला चौपाटी दाखवू."

"उतरायचं मातुर गावकीच्या खोलीत," त्या म्हणाल्या.

गावकीची खोली म्हणजे गिरणगावातल्या एका चाळीतली मोठी खोली. आमच्या सासरच्या गावचे जे गडी मुंबईला गिरणीत होते, ते सगळे तिथं एकत्र राहायचे. काहीजण दिवसपाळीला, काहीजण रातपाळीला. एकजण उठून गेला की त्याच जागी दुसरा आडवा व्हायचा.

"तितं बाया न्हाई ऱ्हात, आये," हे म्हणाले. घरात आई आली की ह्यांच्या तोंडची शाळेतली भाषा आपोआप सुटायची. "समदी बाप्पेमाणसं. कसं ऱ्हायचं तितं?"

आत्याबाई खडे वेचून बाजूला ठेवत राहिल्या. हेही उठून बाहेर गेले.

ह्यांचा एक थोरला भाऊ होता. तो त्याच खोलीत राहायचा. माझ्या लग्नाच्या चार-पाच वर्षं आधी तो तापानं गेला. पावसाळा ऐन भरात होता, ओढ्याला पूर होता, निरोप गावात पोहोचेपर्यंत तिकडं सगळं उरकलेलं होतं. नंतर कुणीतरी त्याची पेटी आणि घोंगडी आणून दारात ठेवली. एवढं मला लग्न झाल्यावर एका नात्यातल्या बाईनं सांगितलं होतं. हे त्याच्याबद्दल अवाक्षर काढत नसत. फोटो नव्हता, म्हणून तो कसा दिसायचा हेही मला माहीत नव्हतं. आमच्या घरात त्याची कुठंच जागा नव्हती, आणि मला वाटायचं की म्हणूनच तो सगळीकडं असायचा.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई माझ्याबरोबर नदीवर आल्या. धुकं होतंच. दगडावर बसून त्यांनी लुगड्याचा ओचा सारखा केला, पण धुण्याला हात लावला नाही.

"पोरी," त्या म्हणाल्या, "तुला खिडकीचं लई मन हाय, न्हाई?"

मी काहीतरी पुटपुटले.

"असू दे. तुजं वयच हाय. माजं एवढंच, की त्यो कुठं निजायचा ती जागा मला बगायचीय. म्या त्येला निजवला तवा माज्या कुशीत निजवला, न्हाई तर ओट्यावर. मुंबईत कुठं निजायचा म्या इचारलंच न्हाई कदी. दिवाळीला आला की म्या नुसतं खायला घालायची. इचारलंच न्हाई." मग जरा वेळानं, "एक रात तितं पाठ टेकायचीय."

धुक्यात पलीकडचं धुणं आपटलं जात होतं. आपटण्याचा आवाज आधी पाण्यावरून यायचा आणि मग मागच्या टेकडीवरून. मी त्यांचं लुगडं घेतलं आणि धुवायला लागले, कारण दुसरं काय करावं ते मला समजेना.

संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. हे खूप वेळ कंदिलाची वात वरखाली करत बसले. "मला वाटलं तिला ते नको असेल," असं म्हणाले. "मी मुद्दाम तिकडचा विषय टाळत होतो." आणि मग माझ्याकडं बघून, "तुझी खिडकी?"

"समुद्र कुठं जातोय," मी म्हणाले.

आमचं ठरलं. गावचा एक गडी मुंबईला परत निघाला होता, त्याच्याबरोबर खोलीवर निरोप धाडला.

प्रवासाचं मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवतं. पहाटेची मोटार, तिच्या ताडपत्रीतून येणारा गार वारा, कात्रजच्या बोगद्यात एकदम झालेला अंधार आणि त्यात आत्याबाईंनी घट्ट धरलेला माझा हात. पुण्याला गाडीत बसलो. खंडाळ्याच्या घाटात बोगदे येऊ लागले. अंधार व्हायचा, उजेड यायचा, आणि प्रत्येक उजेडात खाली वेगळीच दरी असायची. आत्याबाई खिडकीशी बसल्या होत्या. "आपलाच डोंगुर हाय की ह्यो," त्या मधेच म्हणाल्या. "हितं बी करवंदीच्या जाळ्या हायती." घाट उतरल्यावर हवा कोमट झाली होती, जमीन सपाट झाली होती. मार्गशीर्षात अंगावरची शाल काढून ठेवावी लागते, ह्याचं त्यांना नवल वाटत होतं.

दादरला खोलीवरचा म्होरक्या आम्हाला न्यायला आला होता. पन्नाशीचा, गळ्यात तुळशीमाळ, गिरणीतल्या कापसाचे बारीक तंतू भुवयांवर बसलेले. खोलीचा सगळा कारभार तोच बघायचा. आत्याबाईंना बघताच त्यानं वाकून नमस्कार केला आणि तांदळाचं गाठोडं खांद्यावर घेतलं.

"काकी, खोली झाडून काढलीया," तो म्हणाला. "आमी समदे भायेर निजतो. तुमी तिगं आत. खानावळवाली मावशी बी यील सोबतीला."

"तुमी कशापायी भायेर? थंडीत?"

"हितं कुठली थंडी, काकी!"

चाळीचा जिना लाकडी, अंधारा. वर गेलो तर सज्जात सगळे गडी ओळीनं उभे होते, लग्नात वऱ्हाड येताना उभे राहतात तसे. डोकी पाण्यानं चापून बसवलेली, कुणी टोपी नीट करतोय. आत्याबाईंनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. "तू खालच्या आळीचा न्हवं?" "तुजी आय बरी हाय, परवाच गाठ पडली." असं करत करत त्या दाराशी आल्या.

खोली म्हणजे चार भिंती आणि एक खिडकी. भिंतींना सगळीकडून खुंट्या. प्रत्येक खुंटीखाली एक पेटी, पेटीवर गुंडाळलेली वळकटी. खुंटीखालची तेवढी जमीन ज्याची त्याची. कोपऱ्यात मृदंग आणि टाळ. सगळं इतकं लख्ख झाडलेलं होतं की आत पाऊल ठेवताना मला संकोच वाटला.

आत्याबाई मधोमध उभ्या राहिल्या. कुणाला विचारलं नाही. म्होरक्याच पुढं झाला आणि खिडकीजवळच्या खुंटीकडं त्यानं हात केला. "ही त्येची."

तिथं एक निळा सदरा टांगला होता. ती जागा आता ज्याची होती तो गडी दारातून धावत आला आणि ओशाळून सदरा काढू लागला. "ऱ्हायलंच काकी, काडतो."

"नगं," आत्याबाई म्हणाल्या. "असू दे तितं. काडू नगंस."

तो सदरा हातात घेऊन उभा राहिला. त्यांनी त्याच्या हातातून तो घेतला, झटकला आणि पुन्हा खुंटीला लावला. मग त्या खुंटीखाली बसल्या, पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि तिथल्या तिथं आडव्या झाल्या. अंथरूण नाही, उशी नाही. दारातले सगळे गडी एकमेकांना न सांगता बाजूला झाले. हे भिंतीकडं तोंड करून उभे होते.

मीच तेवढी त्यांच्याजवळ बसले. त्या वर बघत होत्या. जिथं त्यांचं डोकं होतं तिथून खिडकीतून आभाळाचा एक तुकडा दिसत होता आणि गिरणीच्या चिमणीचं वरचं टोक. धूर निघायचा, वाऱ्यानं वाकायचा आणि चौकटीबाहेर जायचा. आम्ही दोघी कितीतरी वेळ तो धूर बघत होतो.

"ह्ये दिसायचं त्येला," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी संध्याकाळी मावशींनी पिठलं-भाकरी केली आणि आम्ही आणलेला आंबेमोहोर शिजवला. भाताचा वास सज्जाभर पसरला तसे गडी एकमेकांकडं बघून हसायला लागले. जेवताना बोलणं सुरू झालं. आधी पीकपाण्याचं, मग हळूहळू त्याचं. ह्यांचा भाऊ मृदंग वाजवायचा, हे मला तेव्हा कळलं. आत्याबाईंनाही तेव्हाच कळलं.

"मुरदुंग? आमच्यात तर कुनाला येत न्हाई."

"हितंच शिकला की. आनि लई गोड वाजवायचा. खालच्या मजल्यावरची लोकं वर यून बसायची." म्होरक्यानं हातातला घास ताटात ठेवला. "तापात बी आमी येकल्याला सोडला न्हाई, काकी. पाळ्या लावल्या व्हत्या. कुनी ना कुनी उशाला बसल्यालं असायचं."

आत्याबाईंनी त्याच्या ताटात आणखी भात वाढला. तो "पुरे, पुरे" म्हणत होता तरी वाढला.

त्या रात्री त्या त्याच जागी निजल्या. पहाटे गिरण्यांचे भोंगे एकापाठोपाठ एक वाजायला लागले, लांबचे आणि जवळचे, तेव्हा मी दचकून जागी झाले. आत्याबाई एरवी कोंबड्याच्या आधी उठणाऱ्या. त्या भोंग्यांनी हलल्यासुद्धा नाहीत. एक हात पेटीवर टाकून गाढ झोपल्या होत्या. ऊन खिडकीतून आत आलं, त्यांच्या पायांवर आलं, गुडघ्यांवर आलं, तरी झोपल्याच होत्या. मावशी चहा घेऊन आल्या आणि माझ्याकडं बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

तो नाताळचा दिवस. दुपारी हे मला म्हणाले, "चल, तुझी खिडकी बघून तर येऊ." आत्याबाई मावशींबरोबर भाजी निवडत बसल्या होत्या. आम्ही दोघं ट्रामनं निघालो. ट्राम डुलत डुलत चालली होती, दुकानांना रंगीत कागदाच्या माळा होत्या, नव्या कपड्यांतली माणसं होती. आपण जागे आहोत की भोरच्या चुलीपुढं बसून बोलतो आहोत, हे मला नीट कळत नव्हतं.

लॉज सापडलं. मालक गल्ल्याच्या पेटीमागं बसलेला लठ्ठ, घामाघूम माणूस होता. नाताळामुळं एकही खोली रिकामी नव्हती. हे म्हणाले, "आम्हाला राहायचं नाही. ह्यांना फक्त खिडकी बघायची आहे." मालकानं आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. मग काय वाटलं कोण जाणे, त्यानं वरच्या नोकराला हाक मारली, "पाहुणे बाहेर गेलेत ना? दाखव दोन मिनिटं."

खोली अरुंद होती. कुणाच्या तरी धोतराची घडी खुर्चीवर पडली होती. खिडकीला झडपा होत्या, काचा नव्हत्या. नोकरानं त्या ढकलल्या. समोर एका इमारतीची भिंत, बाजूला दुसरीची गच्ची, आणि दोन्हींच्या मधल्या फटीत उभं, तळहाताएवढं काहीतरी चकाकत होतं.

"तोच," हे हळूच म्हणाले.

मी गजांना धरून उभी राहिले. एवढ्याशा फटीतही ते स्थिर नव्हतं. त्यावरचा उजेड सारखा हलत होता, मिटत होता, पुन्हा लागत होता. एक शीड त्या फटीत शिरलं, जरा वेळ दिसलं आणि भिंतीमागं गेलं. मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही की समुद्र एवढाच दिसतोय. डोंगर पुसायची मला गरजच उरली नव्हती. हे माझ्या मागं उभे होते, त्यांचा श्वास मानेला लागत होता. "काचा नाहीत," मी म्हणाले. "नाहीत खऱ्या," ते म्हणाले.

दिवेलागणीला म्होरक्यानं विचारलं, "काकी, चांदन्या बगायला यायचं का?" माझगावच्या बाजूला ख्रिस्ती लोकांची वस्ती होती. नाताळात तिथं घरोघर कागदाच्या चांदण्या टांगतात, आत दिवा लावून. "त्यो आमाला दरसाल न्यायचा," म्होरक्या म्हणाला. "आमी म्हनायचो, आपला काय संबंद? तर म्हनायचा, बगायला काय जातंय?"

आम्ही सगळे निघालो, पाचसहा गडी, हे, मी आणि मधे आत्याबाई. लांब चालावं लागलं. एका वळणाशी गल्ली सुरू झाली आणि आत्याबाई थांबल्या. लहान लहान कौलारू घरं, लाकडी जिने, आणि प्रत्येक दारावर एक चांदणी. लाल, पिवळी, हिरवी. समुद्राकडून वारा येत होता आणि सगळ्या चांदण्या किंचित फिरत होत्या. त्यांचा रंग रस्त्यावर पडत होता आणि आमच्या पायांवरून सरकत होता. कुठूनतरी पेटीसारखा सूर ऐकू येत होता. आम्ही त्या गल्लीतून अगदी हळू चाललो. आत्याबाईंचं पांढरं लुगडं एकदा लाल व्हायचं, एकदा हिरवं.

एका ओट्यावर एक म्हातारी ख्रिस्ती बाई बसली होती. तिनंही लुगडंच नेसलं होतं, आमच्यासारखंच, फक्त गळ्यात क्रूस होता. आम्हाला रेंगाळताना बघून ती आत गेली आणि ताटली घेऊन बाहेर आली. "सणाचं खावा," ती म्हणाली.

गडी मागं सरले. हे आत्याबाईंकडं बघू लागले. आत्याबाईंनी ताटलीत वाकून पाहिलं.

"अगं बया! ही तर करंजी हाय!"

"मंग काय," ती म्हातारी म्हणाली, "नारळाचीच. घे."

आत्याबाईंनी करंजी घेतली, कपाळाला लावली आणि खाल्ली. "ह्येंची बी दिवाळीच की रं," त्या ह्यांना म्हणाल्या. मग सगळ्यांनीच हात पुढं केला. म्हातारीनं विचारलं, "कुठून आला?" आत्याबाईंनी गावाचं नाव सांगितलं. तिला ते कळणं शक्यच नव्हतं, पण तिनं मान अशी हलवली जणू काल-परवाच जाऊन आली आहे.

रविवारी गिरणीला सुट्टी. सगळी खोली आमच्याबरोबर चौपाटीला आली. भाऊ बसायचा ती जागा म्होरक्यानं दाखवली. खरं तर वाळूत कसली जागा, पण त्यानं पावलांनी हेरून, मागच्या झाडांकडं बघून, "हितं" असं म्हटलं आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. आत्याबाई बसल्या. मी एकटीच पाण्याकडं गेले. काठ नसलेलं पाणी सबंध माझ्यासमोर होतं. ते मी अजून नीट सांगू शकत नाही. पायाखालची वाळू मागं ओढली जाते तेव्हा आपणच पुढं चाललो आहोत असं वाटतं, तेवढंच सांगते. मागं वळून पाहिलं तर हे आईजवळ वाळूत बसले होते आणि बोलत होते. हातवारे करत, भरभर. आत्याबाई मधेच हसल्या. जवळ आले तेव्हा माझ्या कानावर पडलं, "...आनि दादानं मला वड्यात ढकललं, आये, म्हनला, आता पव." लग्न झाल्यापासून मी ह्यांच्या तोंडून दादा हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

सोमवारी आम्ही परत निघालो. गडी पहाटेच कामावर गेले होते, म्हणून दादरला पोचवायला फक्त मावशी आल्या. त्यांनी आत्याबाईंची ओटी भरावी की नाही ह्या विचारात दोनदा नारळ पुढं केला आणि मागं घेतला, कारण आत्याबाईंना नवरा नव्हता. शेवटी त्यांनी तो मला दिला, आणि आत्याबाईंना नुसतं घट्ट जवळ घेतलं.

भोरला आल्यावर आत्याबाई एकच दिवस राहिल्या. म्हशी होत्याच. मी त्यांना पोचवायला वेल्ह्यापर्यंत गेले. बाजाराचा दिवस होता. ओळखीच्या बायकांना बातमी आधीच लागली होती. त्यांनी आत्याबाईंना गराडा घातला. मुंबई कशी, आगगाडी कशी, दर्या कसा. एकीनं विचारलं, "आनि उतरला कुठं व्हता?"

आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. "थोरल्याच्यात," त्या म्हणाल्या. सहज, जसं कुणीही म्हणेल.

त्या बायकांपैकी मग एकीनं मिरच्यांचा भाव काढला आणि आम्ही पुढं चाललो. तोरण्यावर ऊन पडलं होतं. आत्याबाई माझ्यापुढं चालत होत्या, आणि चालता चालता मला सांगत होत्या की काळी म्हैस यंदा फाल्गुनात व्यायची, तेव्हा मी चिकाला यावं, आणि येताना ह्यांना घेऊन यावं.